वारंवार भरणाऱ्या गुदपिशव्या

कुत्र्याच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, त्वचेखाली, दोन लहान पिशव्या असतात. गुदद्वार ही घड्याळाची तबकडी मानली तर त्यांची जागा साधारणपणे चार आणि आठ या आकड्यांवर येते. गुदद्वार आवळून धरणारे जे दोन वर्तुळाकार स्नायू असतात, एक आतला व एक बाहेरचा, त्यांच्या मधल्या फटीत या पिशव्या बसलेल्या असतात आणि प्रत्येकीतून निघालेली एक अरुंद नळी गुदद्वाराच्या कडेवर, जिथे बाहेरची त्वचा संपून आतले ओलसर अस्तर सुरू होते तिथे, उघडते. दवाखान्यात आणि पाळणाऱ्यांच्या बोलण्यात यांना सर्रास ‘अ‍ॅनल ग्लँड’ म्हटले जाते. प्रत्यक्षात ग्रंथी पिशवीच्या भिंतीत असतात आणि पिशवी हे त्या ग्रंथींचा स्राव साठवण्याचे ठिकाण असते. हा भेद केवळ पुस्तकी नाही. या अवयवाचे बहुतेक सगळे आजार स्राव तयार होण्यातून नव्हे, तर साठलेला स्राव वेळेवर बाहेर न पडण्यातून उद्भवतात.

मांसाहारी गणातील अनेक प्राण्यांना अशा पिशव्या असतात. अमेरिकेतील स्कंक हा प्राणी संकटात असताना जो दुर्गंधीचा फवारा मारतो, तो याच अवयवातून. आपल्याकडील पट्टेरी तरस गुदद्वाराजवळची पिशवी बाहेर उलटवून गवताच्या काड्यांना आपला स्राव लावून ठेवते आणि मुंगूसही आपल्या हद्दीच्या खुणा गुदग्रंथींच्या वासाने करते. कुत्र्यात हे काम बरेच सौम्य झाले आहे. विष्ठा बाहेर पडताना पिशव्यांवर दाब येतो, स्रावाचे काही थेंब विष्ठेला लागतात आणि नंतर येणाऱ्या कुत्र्याला त्या वासातून इथे कोण येऊन गेले याची माहिती मिळते. दोन अनोळखी कुत्री भेटताच एकमेकांच्या शेपटीखाली नाक नेतात, त्यामागचे एक मोठे कारण हेच आहे. फार घाबरलेल्या कुत्र्याच्या पिशव्या एका झटक्यात रिकाम्या होतात आणि दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने पलंगाखाली शिरलेल्या कुत्र्याजवळ अचानक येणारा सडक्या मासळीसारखा वास बहुधा त्याचाच असतो. पिशवीत राहणारे जिवाणू स्रावातील घटक आंबवून लहान साखळीची मेदाम्ले व अमाइन वर्गातील संयुगे तयार करतात आणि वास येतो तो त्यांचा. म्हणजे जिवाणूंची उपस्थिती हा येथे रोग नाही, ती रोजची स्थिती आहे. स्रावाचा रंग व दाटपणाही निरोगी कुत्र्यांत पातळ पिवळसर ते घट्ट तपकिरी इतका बदलता असतो, त्यामुळे केवळ रंगावरून आजाराचे निदान करणे धोक्याचे ठरते.

रिकामे होण्याची ही सारी व्यवस्था यांत्रिक आहे आणि म्हणून नाजूकही आहे. विष्ठा पुरेशी घट्ट आणि जाड हवी, म्हणजे ती जाताना पिशवी दाबली जाईल. नळी मोकळी हवी. स्राव वाहण्याइतका पातळ हवा आणि भोवतालच्या स्नायूंत ताकद हवी. यांपैकी एक जरी बिघडले तरी स्राव मागे राहतो, त्यातील पाणी शोषले जाऊन तो घट्ट लगद्यासारखा होतो आणि घट्ट झाल्यामुळे आणखीच बाहेर पडेनासा होतो. ही पहिली पायरी म्हणजे स्राव कोंडणे. दुसऱ्या पायरीत कोंडलेल्या स्रावामुळे पिशवीची भिंत सुजते व दुखू लागते. तिसरीत जंतुसंसर्ग वाढून पू साठतो, म्हणजे गळू होते, आणि ते वेळीच मोकळे केले नाही तर गुदद्वाराशेजारची त्वचा फोडून बाहेर येते. प्रत्येक कुत्रा क्रमाने या पायऱ्या चढतोच असे नाही. काहींत पहिल्यांदा लक्षात येते ते थेट फुटलेले गळूच.

हा त्रास किती कुत्र्यांना होतो, याचा एक भरवशाचा अंदाज ब्रिटनमधून मिळतो. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक लाखाहून अधिक कुत्र्यांच्या दवाखान्यांतील नोंदी तपासल्या, तेव्हा एका वर्षात सुमारे ४.४ टक्के कुत्र्यांना गुदपिशव्यांचा काही ना काही विकार झाल्याचे दिसले. लांब तोंडाच्या कुत्र्यांच्या तुलनेत चपट्या तोंडाच्या जातींत ही शक्यता अडीच पटींहून जास्त होती. शिह त्झू, कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल, कॉकर स्पॅनियल, बिशाँ फ्रिझ अशा लहान शरीराच्या जाती यात पुढे होत्या. मुंबई-पुण्याच्या सदनिकांत गेल्या वीसेक वर्षांत शिह त्झूची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आणि २००३च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने पग घराघरांत पोहोचवला, हे लक्षात घेतले तर शहरी दवाखान्यांत ही तक्रार रोजची का झाली आहे हे समजते.

त्रास सुरू झालेला कुत्रा मागचा भाग जमिनीला टेकवून पुढच्या पायांनी स्वतःला ओढत नेतो, म्हणजे घसटतो. शेपटीच्या मुळाशी वळून वळून चाटतो किंवा चावतो. बसता बसता दचकून उठतो. शेपूट खाली धरतो. शौचाला बसताना कण्हतो. मराठी घरांत घसटणाऱ्या कुत्र्याबद्दलचा पहिला निष्कर्ष ठरलेला असतो: जंत झाले. औषधाच्या दुकानातून जंताची गोळी येते, ती दिली जाते, दोन-चार दिवस बरे वाटल्याचा भास होतो आणि घसटणे पुन्हा सुरू होते. हा निष्कर्ष पूर्णपणे चुकीचा नाही, कारण पिसवांमार्फत होणाऱ्या चपट्या कृमीचे तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे गुदद्वारातून बाहेर येताना खाज आणतात. पण ते तुकडे शेपटीखालच्या केसांना किंवा अंथरुणाला चिकटलेले दिसतात आणि ते दिसत नसतील तर महिन्यामागून महिना जंताच्या गोळ्या देण्यात अर्थ नसतो. पिसवांची अ‍ॅलर्जी, शेपटीखालच्या वळ्यांतील त्वचेचा दाह, जर्मन शेफर्डमध्ये आढळणारी गुदद्वाराभोवतीची खोल भगंदरे, नसबंदी न झालेल्या वयस्क नरांत होणाऱ्या गुदद्वाराभोवतीच्या गाठी, या सर्वांत कुत्रा तसाच घसटतो. म्हणून पहिला प्रश्न पिशव्या भरल्या आहेत का हा असतो, आणि त्याचे उत्तर बोटानेच मिळते.

ती तपासणी आणि पिशवी रिकामी करणे या दोन्ही गोष्टी पशुवैद्य एकाच वेळी करतो. हातमोजा घातलेल्या तर्जनीला वंगण लावून ती गुदद्वारातून हळूच आत नेली जाते, अंगठा बाहेर राहतो आणि दोन्हींच्या मध्ये पिशवी सापडते. मग खालून नळीच्या दिशेने, बेताने दाब दिला जातो आणि बाहेर आलेला स्राव कापसावर घेऊन पाहिला जातो. रक्त किंवा पू असेल, किंवा दाबताना कुत्रा कळवळत असेल, तर प्रकरण साध्या कोंडण्यापलीकडे गेलेले असते. रिकामी झाल्यावर पिशवीची भिंत बोटाखाली जवळपास हरवली पाहिजे. तिथे काही टणक उरत असेल तर त्याचा विचार वेगळा करावा लागतो आणि तो पुढे येईल. या उलट, केवळ बाहेरून दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबण्याची जी पद्धत आहे, तीत वरवरचा पातळ स्राव निघतो, तळाशी बसलेला लगदा तसाच राहतो आणि सुजलेल्या पिशवीवर जोर दिला तर ती आतल्या आत फुटू शकते.

आंघोळ, केस कापणे आणि नखे काढणे यांच्या जोडीला ‘अ‍ॅनल ग्लँड क्लीनिंग’ हेही ग्रूमिंग पार्लरच्या दरपत्रकात असते आणि ज्या कुत्र्याला कसलाही त्रास नाही त्याच्याही पिशव्या दर महिन्याला दाबल्या जातात. या प्रथेचे समर्थन करणे कठीण आहे. निरोगी पिशवी स्वतःहून रिकामी होते. ती विनाकारण दाबल्याने भिंतीला इजा होते, सूज येते आणि नळी अरुंद होण्याची शक्यता वाढते, म्हणजे नसलेला आजार उभा राहतो. भरलेली असेल तरच रिकामी करावी, हा नियम त्रास असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही कुत्र्यांना लागू आहे.

खरा प्रश्न पुन्हा पुन्हा भरणाऱ्या पिशव्यांचा. दर तीन-चार आठवड्यांनी कुत्र्याला दवाखान्यात नेऊन पिशव्या रिकाम्या करून आणणे हा त्या दिवसापुरता दिलासा असतो, उपचार नव्हे; पिशवी वारंवार भरते तेव्हा कारण बहुतेक वेळा पिशवीबाहेर असते, आणि ते शोधायचे तर विष्ठा, वजन आणि त्वचा या तिघांकडे याच क्रमाने पाहावे लागते.

विष्ठेची तपासणी घरीच सुरू होते. पशुवैद्यकात विष्ठेचा घट्टपणा मोजण्यासाठी एक ते सात अशी श्रेणी वापरली जाते: एक म्हणजे सुट्या कडक गोळ्या, सात म्हणजे निव्वळ पाणी. दोन किंवा फार तर तीन ही इष्ट अवस्था, ज्यात विष्ठा लांबट, भेगा दिसणारी असते आणि उचलल्यावर जमिनीवर डाग जवळजवळ राहत नाही. फिरायला नेणाऱ्या माणसाने दोन आठवडे रोज हा आकडा कॅलेंडरवर टिपला, तर अनेकदा कोडे तिथेच सुटते. पिशव्या भरण्याच्या आधीच्या काही दिवसांत आकडा चार-पाचवर गेलेला आढळतो. मग त्या दिवसांत काय खाल्ले गेले हे पाहावे लागते. दूध-पोळी हे कुत्र्याचे अन्न मानण्याची सवय जुनी आहे, पण मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दुधातील शर्करा नीट पचत नाही आणि विष्ठा कायम सैल राहते. जेवणाच्या ताटातला तेलकट रस्सा, बिस्किटे आणि आठवड्याला बदलणारे तयार खाद्य यांचाही परिणाम तोच होतो. पोटातील जिआर्डियासारखे परजीवी वगळण्यासाठी विष्ठेची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीही एकदा तरी व्हावी.

यानंतर येतो तंतूंचा, म्हणजे न पचणाऱ्या वनस्पतिज भागाचा प्रश्न. तंतू पाणी धरून विष्ठेचा आकार वाढवतात आणि मोठी, बांधीव विष्ठा पिशव्यांवर हवा तो दाब देते. पाश्चात्त्य पुस्तके यासाठी डबाबंद भोपळ्याच्या गराची शिफारस करतात. इथे लाल भोपळा वर्षभर बाजारात असतो आणि मीठ, मसाला, फोडणी न घालता उकडून कुस्करलेला भोपळा जेवणात मिसळणे हे सर्वांत सोपे. फरसबी व गाजरही चालते. कांदा-लसूण मात्र भाजीबरोबर चुकूनही जाता कामा नये, कारण त्यातील घटक कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतात. भोपळ्याने भागत नसेल तर इसबगोल हा अधिक परिणामकारक पर्याय. गुजरात-राजस्थानात पिकणारे हे बियांचे टरफल स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषते, आणि नेमकी हीच त्याची जोखीमही आहे: कोरडे दिले किंवा पाणी कमी पडले तर ते आतड्यात घट्ट होऊन बद्धकोष्ठ आणते. म्हणून ते अगदी थोड्या मात्रेपासून, पाण्यात भिजवून, ओल्या अन्नातच द्यावे आणि मात्रा पशुवैद्याने कुत्र्याच्या वजनावरून ठरवावी. चवदार केलेले, साखरेऐवजी गोडी आणणारे पदार्थ घातलेले इसबगोल टाळावे. त्यात झायलिटॉल असेल तर ते कुत्र्याला प्राणघातक ठरू शकते. तंतूंनी प्रत्येक कुत्रा सुधारतो असे नाही, पण नुकसान कमी आणि खर्च नगण्य असल्यामुळे सुरुवात इथून करणे शहाणपणाचे ठरते.

वजनाचा मुद्दा थोडक्यात आटपतो. स्थूल कुत्र्यात गुदद्वाराभोवती चरबी साठते, पिशव्या तिच्यात रुततात आणि विष्ठेचा दाब त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, असे मानले जाते. लॅब्रॅडॉरबाबत एक गोष्ट पाळणाऱ्यांना माहीत असावी: केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की या जातीतील सुमारे चौथ्या हिश्श्याच्या कुत्र्यांत भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो. असा कुत्रा खरोखरच सतत भुकेला असतो, म्हणून त्याच्या डोळ्यांकडे न पाहता वाटीकडे पाहून अन्न मोजावे लागते.

त्वचा हे सर्वांत जास्त दुर्लक्षिले जाणारे कारण आहे. पिशवीचे अस्तर हे मुळात त्वचेचेच आत वळलेले रूप असल्याने, अ‍ॅलर्जीने अंगाची त्वचा सुजते तेव्हा पिशवीचे अस्तर आणि नळीचे तोंडही सुजते. पंजे चाटणारा, कान खाजवणारा, पावसाळ्यात ज्याच्या कानाला आंबट वास येतो असा कुत्रा घसटत असेल, तर पिशव्या हा त्याच्या अ‍ॅलर्जीचा केवळ एक कोपरा असतो. कोकणपट्टीच्या दमट हवेत धुळीतले माइट आणि त्वचेवरील यीस्ट दोन्ही फोफावतात, त्यामुळे तिथे हे चित्र अधिक दिसते. अन्नाची अ‍ॅलर्जी ओळखण्याचा विश्वासार्ह मार्ग रक्ततपासणी नसून आहार-चाचणी हा आहे: किमान आठ आठवडे कुत्र्याला पूर्वी कधीही न खाल्लेल्या प्रथिनाचे, किंवा प्रथिनांचे बारीक तुकडे करून बनवलेले खास खाद्य द्यायचे आणि सुधारणा झाल्यावर जुने अन्न पुन्हा देऊन लक्षणे परततात का ते पाहायचे. कुत्र्यांत अ‍ॅलर्जी आणणाऱ्या अन्नांत गोमांसाखालोखाल दूध, कोंबडी आणि गहू यांची नावे येतात आणि दूध-पोळी व चिकन-भात हा इथल्या कुत्र्यांचा ठरलेला आहार आहे. म्हणून ‘आम्ही त्याला फक्त चिकन-भात देतो’ हे उत्तर निर्धास्त करणारे नसून पुढचा प्रश्न विचारायला लावणारे आहे. चाचणी फसते ती बहुधा घरच्यांमुळे: आजोबा चहात बुडवलेले बिस्किट देतात, कामाला येणाऱ्या मावशी पोळीचा तुकडा टाकतात, आणि गोचीड-पिसवांसाठी दिलेली चवदार चघळगोळीही हिशेब बिघडवते.

गळू झाले असेल तर वर सांगितलेले सर्व काही काळ बाजूला ठेवावे लागते. गुदद्वाराच्या एका बाजूला लालसर-जांभळी, गरम, ताणलेली सूज येते, कुत्रा शेपटीला हात लावू देत नाही, ताप असतो. ते फुटले की रक्तमिश्रित पू वाहतो आणि घरच्यांना दुसरा कुत्रा चावल्याचा संशय येतो. अशा जखमेवर हळद चेपून ती झाकणे हा घरगुती उपाय येथे उलटतो, कारण पू बाहेर पडायला वाट हवी असते. दवाखान्यात पोहोचेपर्यंत कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाने दहा-पंधरा मिनिटे शेकणे आणि चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर घालणे एवढे पुरे. उघड्या जखमेवर, विशेषतः पावसाळ्यात, माश्या बसून अंडी घालतात आणि एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. त्या काढण्यासाठी टर्पेंटाइन ओतण्याचा प्रकार नाजूक अस्तर जाळतो. घरातल्या वेदनाशामक गोळ्यांबाबतही असेच सांगावे लागते. डायक्लोफेनॅक आणि आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडांना इजा होते. भारतात २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर जी बंदी आली ती गिधाडांच्या संहारामुळे. कुत्र्याच्या पोटाचे कारण त्याहून निराळे, पण तेवढेच पक्के आहे.

साध्या कोंडण्याला प्रतिजैविकांची गरज नसते, हे वेगळे सांगावे लागते, कारण सोय म्हणून ती दिली जातात. दाह वारंवार होत असेल तर कुत्र्याला गुंगी देऊन बारीक नळीने पिशव्या सलाइनने धुतल्या जातात, लगदा विरघळवून काढला जातो आणि प्रतिजैविक व स्टिरॉइड असलेले मलम आत भरले जाते. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने हे पुन्हा करावे लागू शकते. त्यानंतर रिकामे करण्यातले अंतर हळूहळू वाढवत नेले जाते.

वयस्क कुत्र्यात, साधारण आठ-दहा वर्षांच्या पुढे, एकाच बाजूच्या पिशवीत टणक गाठ लागली तर पिशवीच्या ग्रंथींच्या कर्करोगाची शंका घ्यावी लागते. ही गाठ अनेकदा वाटाण्याएवढीच असते, बाहेरून दिसत नाही आणि नेहमीच्या तपासणीतच सापडते, पण तोवर ती कमरेच्या कण्याखालील लसिकाग्रंथींत पसरलेली असू शकते. तिच्यातून स्रवणारे एक संप्रेरकसदृश द्रव्य रक्तातील कॅल्शियम वाढवते आणि मग कुत्रा भरमसाठ पाणी पितो, भरमसाठ लघवी करतो; पाण्याचे भांडे वारंवार रिकामे होते म्हणून मधुमेहाच्या तपासणीला आणलेल्या कुत्र्याचे खरे दुखणे शेपटीखाली सापडते ते असे. सुजलेल्या लसिकाग्रंथी मोठ्या आतड्यावर दाब देऊ लागल्या की विष्ठा चपट्या फितीसारखी येते.

पिशव्या कायमच्या काढून टाकण्याची शस्त्रक्रिया हा शेवटचा पर्याय आहे आणि कर्करोग सोडल्यास तो आहार, त्वचा व धुणे हे सर्व प्रामाणिकपणे करून पाहिल्यावरच घ्यावा. पिशव्या स्नायूंच्या मध्ये बसलेल्या असल्यामुळे आणि विष्ठा रोखून धरणाऱ्या स्नायूंची मज्जातंतूची शाखा अगदी शेजारून जात असल्यामुळे शल्यविशारदाचा अनुभव इथे निर्णायक ठरतो. दोन्ही बाजूंच्या मज्जातंतूंना इजा झाली तर कुत्र्याचा विष्ठेवरील ताबा जातो, आणि अस्तराचा थोडासा अंश मागे राहिला तरी तिथे वाहते भगंदर तयार होते. पिशवी न उघडता ती अखंड बाहेर काढण्याची पद्धत त्यामुळे अधिक पसंत केली जाते. सुजलेल्या किंवा गळू झालेल्या पिशवीवर घाई न करता आधी दाह शमू दिला जातो. एकाच बाजूला त्रास असला तरी वारंवार होणाऱ्या दाहात बहुधा दोन्ही पिशव्या काढतात. पहिले काही दिवस विष्ठा थोडी अनियंत्रित राहू शकते आणि ती बहुतेकांत सावरते. टाके निघेपर्यंत कॉलर, मऊ विष्ठा येईल असा आहार आणि शेपटीखालची जागा कोरडी ठेवणे एवढे घरी सांभाळावे लागते. काढलेल्या पिशव्या फेकून न देता फॉर्मालिनमध्ये घालून ऊतितपासणीला पाठवाव्यात, मग कारण दाहाचे असो वा गाठीचे.